सायकल डिकीत घालून मालवण ते पुणे: रात्रीच्या एका स्लीपर बसविषयी

कोकण किनाऱ्याने सायकलवरून मालवणपर्यंत आलेल्यांपुढे परतीचा प्रश्न हमखास उभा राहतो. बागमांडला, दाभोळ, तवसाळ येथील खाड्या फेरीबोटींनी ओलांडत दक्षिणेकडे येणे सुखाचे असते. परंतु तोच रस्ता उलट दिशेने पुन्हा कापण्याइतकी रजा फारशी कुणाकडे उरत नाही आणि सामानाने लादलेली सायकल घेऊन घाट चढण्याची हौसही प्रत्येकाला नसते. कोकण रेल्वेने यायचे तर सायकल लगेज म्हणून नोंदवून ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, चढवावी लागते आणि लहान स्थानकावर गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटे थांबत असल्याने हा द्राविडी प्राणायाम ठरतो. एसटीच्या टपावर सायकल बांधून नेणे पूर्वी सर्रास चालत असे, पण टपावर कॅरिअर असलेल्या गाड्या आता क्वचितच दिसतात. अखेर उरते ती खासगी ट्रॅव्हल्सची रात्रीची बस.

जानेवारीत मी ज्या बसने आलो ती मालवणहून संध्याकाळी सुटून कणकवली, फोंडाघाट, राधानगरी, कोल्हापूर या मार्गाने सुमारे ३८० किलोमीटर अंतर कापून पहाटे पुण्यात पोहोचते. प्रवासी म्हणून तक्रारीला फारशी जागा नाही. गाडी वेळेवर सुटली, चादर धुतलेली होती, चालकाने घाटात अजिबात घाई केली नाही, आणि जेवणासाठी जिथे थांबवले तिथले पिठले-भाकरी तर चांगलेच होते.

सायकलची गोष्ट मात्र निराळी. तिकीट काढण्याच्या ॲपवर सायकलविषयी एक अक्षरही नाही. कार्यालयात फोन केल्यावर ‘आणा, दोनशे रुपये पडतील’ असे सांगण्यात आले. प्रत्यक्ष गाडीजवळ क्लीनरने पाचशे मागितले आणि घासाघीस होऊन सौदा तीनशेवर ठरला. पावती मिळाली नाही. त्याच डिकीत एक स्कूटर चढवली गेली, तिची मात्र रीतसर पावती फाडली गेली, कारण दुचाकी पाठवणे हा या कंपन्यांचा नेहमीचा धंदा आहे आणि तिचा दर ठरलेला असतो. सायकल सामानातही मोडत नाही आणि वाहनातही नाही, त्यामुळे तिचा दर, तिची जागा आणि तिची जबाबदारी या तिन्ही गोष्टी डिकीचे दार लावणाऱ्या माणसाच्या मर्जीवर अवलंबून राहतात. माझ्या मते या सेवेचा खरा दोष तीनशे रुपयांत नसून या मोघमपणात आहे.

क्लीनर स्वभावाने बरा होता, पण त्याने सायकल उचलली ती थेट मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या यंत्रणेच्या) बाजूवर आडवी टाकण्यासाठी. गिअर असलेली सायकल या बाजूवर ठेवली की सगळा भार डिरेलरवर येतो, तो जिला जोडलेला असतो ती पट्टी, म्हणजे हँगर, वाकू शकते आणि मग दुसऱ्या दिवशी साखळी एका दातेरी चकतीवर टिकत नाही. मी ती उलटवून गिअरची बाजू वर घेतली. पुढचे चाक आधीच काढलेले होते. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवलेली होती, म्हणजे चाक नसताना ब्रेकचा लिव्हर चुकून दाबला गेला तरी पॅड एकमेकांना चिकटत नाहीत. पेडल काढायला १५ मिलिमीटरचा पाना लागतो आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे बसची वेळ होण्याआधी ध्यानात असलेले बरे. टायरमधली हवा सोडण्याचे मात्र काही कारण नाही.

कणकवलीला डिकी पुन्हा उघडली आणि काजूची पोती आत येऊ लागली. तेव्हा खाली उतरून उभे राहिलो म्हणून पोती चाकाच्या आऱ्यांवर न पडता स्कूटरच्या बाजूला रचली गेली. ज्याला झोप प्यारी आहे त्याने निदान एवढ्या एका थांब्यापुरते तरी जागे राहावे. आणि शक्यतो गाडी जिथून सुटते तिथूनच चढावे, कारण रिकाम्या डिकीत सायकल सर्वांत आत, भिंतीला टेकवून बांधता येते. अर्ध्या वाटेवर चढणाऱ्याच्या वाट्याला दाराजवळची जागा येते आणि पुढच्या प्रत्येक थांब्यावर सायकल बाहेर-आत होत राहते.

उतरण्याचे ठिकाण हीदेखील अशीच दुर्लक्षित बाब. गाडीने पुण्यात नवले पुलाजवळ अंधारात उतरवले. सूटकेस घेऊन रिक्षात बसणाऱ्याला त्याचे काही वाटणार नाही, पण ट्रकच्या दिव्यांच्या उजेडात सेवा रस्त्याच्या कडेला चाक बसवणे हे काही शहाणपणाचे काम नव्हे. बंद दुकानाच्या पायरीवर उजाडेपर्यंत थांबून मगच मी सायकल जोडली. बस पुढे वाकडपर्यंत जात होती. तिकीट काढतानाच उजेड आणि रुंद पदपथ असलेला थांबा विचारून घ्यावा.

पाचपैकी गुण द्यायचे तर प्रवाशासाठी चार आणि सायकलसाठी अडीच. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी या काळात, दिवाळीची गर्दी टाळून, मी याच बसने पुन्हा येईन. एप्रिल-मे महिन्यांत देवगडच्या आंब्याच्या पेट्या डिकी व्यापतात आणि गणपतीच्या दिवसांत तर माणसांनाच जागा मिळत नाही. अशा दिवसांत आधी फोन करून होकार मिळाला तरी त्यावर विसंबून सायकल घेऊन थांब्यावर जाऊ नये.