टाच दुखतेय आणि लग्न तोंडावर आलंय: कोल्हापुरी, वेज की गादीची सँडल?

आधी निकाल सांगते. टाच दुखत असेल तर लग्नासाठी कोल्हापुरी घेऊ नका. कोल्हापुरात राहून हे लिहिणं म्हणजे शिव्या ओढवून घेणं आहे, पण पाय आपला आणि कळही आपलीच. दुखणं टाचेत नसून बोटांत असेल, तर गणित पार उलटं होतं. म्हणून दुकानात शिरण्याआधी नेमकं कुठं दुखतंय ते बघा.

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेखाली सुई टोचल्यासारखी कळ येते आणि चालल्यावर जरा कमी होते, असं असेल तर बहुधा तळव्याचा पडदा दुखावलेला असतो. हा पडदा टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत ताणलेला असतो. अगदी सपाट आणि कडक तळ त्याला सोसत नाही. टाच थोडी वर, म्हणजे इंचभर, आणि कमानीखाली आधार असेल तर बरं वाटतं. चवड्यात जळजळ होते किंवा तिसऱ्या-चौथ्या बोटांमध्ये मुंग्या येतात त्यांना मात्र तोच उंचवटा नडतो, कारण टाच जितकी वर जाईल तितका भार चवड्यावर येतो. आणि अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलेलं असेल तर उंचीपेक्षा रुंदी महत्त्वाची. पुढून निमुळतं काहीही घालू नका.

आता कोल्हापुरी. दिसण्याबद्दल वादच नाही. काठपदराची साडी असो, नऊवारी असो, पायात कापशी, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार, असली की दुसरं काही लागत नाही, आणि 2025 मध्ये प्राडानं मिलानच्या रॅम्पवर तसलीच चप्पल दाखवल्यापासून तर बाहेरगावचे पाहुणेही आपल्या पायाकडे बघतात. पण चप्पल लाईनीत, म्हणजे आमच्या कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजारात, गेलात की एक हातात घेऊन तळावर अंगठा दाबून बघा. दबत नाही. चामड्यावर चामडं चढवून शिवलेला तो तळ सपाट आहे, कमानीला आधार नाही, टाचेला कड नाही. नवी असताना अंगठ्याची कडी आणि वरचा पट्टा दोन्ही चावतात. दुकानदार म्हणतो, "ताई, चार दिवस घाला, लोण्यागत होतंय बघा." पट्ट्याबाबत तो खरं बोलतो. खऱ्या चामड्याचा पट्टा वापरून सैल होतो, एरंडेल चोळलं तर लवकर. रेक्झिनचा होत नाही. तळ मात्र कितीही घातला तरी गादी होत नाही.

तरीही कुणाला ती चालेल? ज्यांची टाच ठणठणीत आहे आणि बंद बुटात बोटं चेंगरून कुरूप होतात, त्यांना. बोटं मोकळी राहतात. अंगठ्याचं हाड वाढलेल्यांनी फक्त एवढं बघावं की पट्ट्याची कड नेमकी त्या हाडावर येते का. येत असेल तर थेट दुसरा जोड मागा, तिथं सैल होण्याची वाट बघत बसू नका. हल्ली आत पातळ गादी घातलेल्या कोल्हापुरीही मिळतात. उभं राहायला त्या बऱ्या, पण मऊपणा आणि आधार या दोन गोष्टी वेगळ्या. स्पंज दबला की पाऊल पुन्हा सपाटच.

टाचदुखीवाल्यांसाठी माझं मत बुटक्या वेजला. वेजमध्ये टाचेपासून चवड्यापर्यंत तळ सलग असतो, त्यामुळे भार वाटला जातो आणि लॉनवर रिसेप्शन असेल तर गवतात रुततही नाही. ब्लॉक हील दिसायला जास्त नाजूक आणि फरशीवर चांगली, पण कमानीखाली पोकळीच. पेन्सिल हीलचं नावच काढू नका. उंची मोजताना एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: मागची उंची 3 इंच आणि पुढचा तळ 1 इंच जाड असेल तर पाऊल प्रत्यक्षात 2 इंचच तिरकं राहतं. म्हणजे बघायचा तो दोन्हींतला फरक. तो इंच-सव्वा इंच ठेवा. टाचेमागे पट्टा हवाच, नाहीतर चप्पल धरून ठेवायला बोटं आवळली जातात आणि रात्री पोटऱ्या भरून येतात.

राजारामपुरीत किंवा महाद्वार रोडला 'डॉक्टर सँडल' म्हणून जी गादीची सँडल मिळते, ती आरामात सगळ्यांच्या पुढे. रूप मात्र दवाखान्याचं. तरी त्यातच सोनेरी किंवा तांबूस पट्ट्याची, वर थोडे खडे लावलेली सापडली तर साडीखाली कुणाला कळत नाही. पाहुणा दोन तास येतो, त्यातला निम्मा वेळ खुर्चीत बसतो. त्याला वेज पुरते. नवरा-नवरीच्या आईला सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत उभं राहायचं असतं, तिनं मात्र हीच घ्यावी आणि फोटोपुरती दुसरी पिशवीत ठेवावी.

बेली आणि मोजडी यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दोन्हींचा तळ बहुधा पातळ. बेलीत निदान मेडिकलमध्ये मिळणारा सिलिकॉनचा टाचेचा कप बसतो, पण त्यासाठी थोडी मोठी घ्यावी लागते. मोजडीचं टोक निमुळतं आणि मागची कड घोट्याखाली घासते. पुरुषांनी शेरवानीवर ती घालायचा हट्ट सोडून लेसचा मऊ चामड्याचा बूट घ्यावा, तो पाय सुजला तर सैल करता येतो. घागऱ्याखाली स्नीकर्स? खुशाल घाला. वरातीत नाचणाऱ्या मुली घालतातच.

आपल्या लग्नात एक अडचण वेगळीच असते: अक्षतेच्या वेळी, मांडवात, स्टेजवर चप्पल काढायची. वाकता येत नसेल तर बारीक बक्कल म्हणजे शिक्षा. वेल्क्रो किंवा लवचीक पट्टा बघा. कार्यालयाच्या गार फरशीवर अनवाणी उभं राहिल्यावर टाचेची कळ हमखास उठते, म्हणून जाड तळाचे मोजे पर्समध्ये टाका. साडीखाली दिसत नाहीत.

मधुमेह असेल आणि पायाला बधिरपणा असेल तर वरचं बरंचसं बाजूला ठेवा. अशा पायाला चप्पल चावलेली कळतच नाही आणि फोडाची जखम चिघळते. अंगठ्याची कडी किंवा बोटांमधली पट्टी नको, आतून शिवण नसलेलं, बोटं झाकणारं पादत्राण हवं. नव्या जोडात पूर्ण दिवस काढू नका, आणि घरी आल्यावर तळवे बघा किंवा कुणाकडून तरी बघून घ्या. दुखणं आठवड्यांमागून आठवडे चालू असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो आणि लग्नातही तो तसाच असणार. माप उभं राहून घ्या, मोठ्या पायाचं. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलनं कड काढून न्या आणि सँडल त्या चित्रावर ठेवा. कड बाहेर डोकावली तर परत द्या. मग सँडल दोन्ही हातांत धरून वाकवा. ती बोटांच्या मुळाशी वाकली पाहिजे. मधोमध घडी पडली तर कमानीला आधार नाही, मग वर कितीही खडे असोत. घागरा किंवा साडीचा फॉल लावायच्या आधी पादत्राण ठरवा, नाहीतर इंचभर उंची बदलली की घोळ पायात येतो. घरी फरशीवरच घालून फिरा, रस्त्यावर नको, म्हणजे तळ मळत नाही आणि बदलून मिळते. कोल्हापुरी मापानं करून घेणार असाल तर बदलण्याचा प्रश्नच येत नाही, तेव्हा दोन्ही पायांची मापं द्या आणि लग्नाच्या आधी दोन-तीन आठवडे ती हातात येईल असं बघा. पावसाळ्यातलं लग्न असेल तर कोल्हापुरी विसराच; भिजली की तळ फुगतो आणि कारागिराकडे पुन्हा चक्कर.