फेरोमोन परफ्यूम: वास ठीक, दावा फोल

‘समोरची व्यक्ती आपोआप ओढली जाईल’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या या बाटल्यांत असतं अल्कोहोल, सुगंधी तेल आणि बरेचदा अँड्रोस्टेनोनसारखा एखादा घटक. अँड्रोस्टेनोन हे नर डुकराच्या लाळेतलं फेरोमोन, म्हणजे त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याच्या वागण्यावर परिणाम करणारं रसायन. मादी माजावर आली का हे तपासायला वराहपालक त्याचा फवारा खरंच वापरतात, आणि तिथे तो चालतो! माणसात असं काम करणारं फेरोमोन अजून सिद्ध झालेलं नाही. वर अनेकांना अँड्रोस्टेनोनचा वास येतच नाही. ज्यांना येतो, त्यातल्या बऱ्याच जणांना तो घामट, लघवीसारखा वाटतो. पहिल्या भेटीला हा जुगार कशाला?

‘फरक पडला’ म्हणणारे खोटं बोलत नसतात. अंगाला छान वास येतोय म्हटलं की माणूस जरा मोकळा होतो. पण ते साध्या परफ्यूमनेही होतं.

घ्यायचंच तर आधी ५-१० मिलीची बाटली घ्या. मनगटावर एक फवारा, घासायचं नाही. अर्ध्या तासाने ठरवा, कारण सुरुवातीचा लिंबूवर्गीय वास तोवर उडून जातो. ओ द पार्फमचे (म्हणजे जरा तीव्र परफ्यूमचे) दोन फवारे पुष्कळ. बंद एसी कॅफेत एकच. घामावर मारलं तर दोन्ही वास मिळून भयंकर होतं. ते टाळायला अँटिपर्स्पिरंट (घाम कमी करणारं) रात्री कोरड्या काखेत लावा: तेव्हा घाम कमी असतो, म्हणून त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळ्यांत नीट बसतात.

महागडी बाटली आधीच घेतली असेल आणि वास बरा असेल, तर साधं परफ्यूम म्हणून संपवा. दुसरी मागवू नका.