बोटॉक्सचं बिल: युनिटवर की एरियावर?

आठ्या घालवण्याचं इंजेक्शन घ्यायचं ठरलं की पुढचा प्रश्न पैशांचा, आणि माणूस गोंधळतो तो तिथेच. एका क्लिनिकला फोन करावा तर ते म्हणतात ‘युनिटला इतके’, युनिट म्हणजे औषध मोजायचं माप. दुसरं म्हणतं ‘भुवयांमधल्या भागाचे इतके, कपाळाचे इतके, डोळ्यांच्या कडांचे इतके’. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून काहीच हाती लागत नाही, कारण ते एका गोष्टीचे दर नाहीतच. मी दोन्ही पद्धतींनी इंजेक्शनं घेतली आहेत. कारण भुवयांच्या मधल्या दोन उभ्या रेषा. त्यांच्यापायी मी निवांत बसलेलो असलो तरी ‘काय बिनसलं?’ असं लोक विचारायचे. बोटॉक्स काय असतं, तीन-चार महिने टिकतं, पंधरा दिवसांत पूर्ण परिणाम दिसतो, वगैरे तुम्ही एव्हाना वाचलंच असेल. इथे फक्त बिलाचं बोलू.

एरियाच्या दराचं पहिलं सुख असं की घरातून निघतानाच आकडा ठरलेला असतो. मान मागे टाकून खुर्चीत बसलोय, सुई कपाळाशी आलीय, आणि डॉक्टर विचारतात, ‘अजून चार युनिट घालू का?’ या प्रश्नाला त्या क्षणी शहाणपणाचं उत्तर देणं अवघड आहे. एरियाच्या पद्धतीत तो प्रश्न येतच नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे फार बरं वाटतं, मलाही वाटलं होतं.

शिवाय पुरुषांना कागदावर तरी हा सौदा फायद्याचा दिसतो. भुवया आवळणारे स्नायू, म्हणजे कोरुगेटर आणि प्रोसेरस, पुरुषांमध्ये बहुधा जाड असतात. बोटॉक्सच्या माहितीपत्रकात या जागेसाठी २० युनिट सांगितलेली आहेत, पाच ठिकाणी चार-चार. पुरुषांना बरेच डॉक्टर त्याहून जास्त देतात. दर एरियाचा असेल तर ही वरची युनिटं क्लिनिकच्या खिशातून गेली, असा आपला हिशेब. तो हिशेब क्लिनिकांनाही येतो, म्हणून काही ठिकाणी पुरुषांचा एरियाचा दर वेगळा असतो. फोनवरच विचारून घ्या.

आणि वरची युनिटं क्लिनिकच्या खिशातून जाणार असतील, तर ती खरंच जातात का? घर रंगवणाऱ्याशी खोलीमागे पैसे ठरवले की तो दुसरा हात मारायला कुरकुरतो, आणि रंगाच्या लिटरमागे ठरवले की तिसराही हात हवाच म्हणतो. इथेही माणसाचा स्वभाव काही वेगळा नाही. एरियात हात आखडता घेण्याचा मोह, युनिटात सैल सोडण्याचा. एरियावर घेतलेल्या इंजेक्शनचा परिणाम माझ्या बाबतीत जरा लवकर ओसरला असं मला वाटलं. मोजमाप काही नाही, आरशातला अंदाज आहे. तो परिणाम औषध कमी पडल्याने ओसरला की माझे स्नायूच दांडगे, हे सांगायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. ते का नव्हतं, ते पुढे येतंच.

मला खटकलं ते मात्र लवकर ओसरणं नव्हे. मला खटकली ती एरियाची हद्द.

माझा एरिया होता ‘भुवयांमधला’. पंधरा दिवसांत उभ्या रेषा छान गेल्या, पण उजव्या भुवईचं बाहेरचं टोक वर चढून बसलं. हे काही दुर्मीळ नाही. भुवया वर उचलणारा स्नायू एकच, कपाळावरचा फ्रॉन्टॅलिस. भुवयांमध्ये दिलेलं औषध थोडं वर पसरलं की त्याचा मधला भाग सैल पडतो, आणि मग कडेचा भाग सगळा जोर आपल्यावर घेतो. परिणाम असा, की आधी मी रागावलेला दिसायचो, आता समोरचा काहीही बोलला तरी त्यावर विश्वास नसल्यासारखा दिसू लागलो. कचेरीत एकाने तर बोलता बोलता थांबून ‘पटत नाही का तुम्हाला?’ म्हणून विचारलं.

यावरचा उपाय डॉक्टरांच्या दृष्टीने किरकोळ आहे. चढलेल्या टोकाच्या वर, कपाळावर, एक-दोन युनिट. दोन थेंबही नाहीत. क्लिनिकच्या पत्रकात ‘टच-अप मोफत’ असं छापलेलं होतं, म्हणून मी निश्चिंत गेलो. तिथे कळलं की टच-अप मोफत आहे तो घेतलेल्या एरियातच. आणि ती जागा पडते ‘कपाळ’ या एरियात. म्हणजे त्या एक-दोन युनिटांसाठी अख्ख्या कपाळाचे पैसे. वर तिथल्या सल्लागार बाईंनी गोड आवाजात सुचवलं, की पैसे कपाळाचे भरताच आहात तर संपूर्ण कपाळाला घेऊनच टाका ना सर.

ते मला नको होतं. कपाळाला जास्त झालं की भुवया उचलणारा तो एकमेव स्नायूच ढिला पडतो आणि त्या जड होऊन डोळ्यांवर उतरतात. माझ्या भुवया मुळातच खाली आहेत. माहितीपत्रकही कपाळाच्या २० युनिटांची गोष्ट भुवयांमधल्या २० युनिटांच्या जोडीनेच करतं, सुटी नाही, कारण उचलणारे आणि ओढणारे स्नायू एकमेकांना तोलून धरतात. दरपत्रक मात्र त्यांच्यामध्ये कुंपण घालतं, आणि कुंपणापलीकडे पाऊल टाकलं की नवं बिल.

यात लबाडी नव्हती, हे सांगायला हवं. नियम छापलेला होता, बारीक अक्षरात का होईना. डॉक्टरांनी काम नीट केलं होतं. भुवई चढणं हा त्यांचा दोष म्हणता येणार नाही. पण औषधाचा परिणाम एका जागेचा शेजारच्या जागेवर होतो हे ज्यांना सगळ्यांत चांगलं ठाऊक, त्यांनीच त्या शेजारच्या जागेचे वेगळे पैसे लावावेत हे माझ्या गळी उतरलं नाही. मी कपाळाचे पैसे भरले नाहीत. ती भुवई हळूहळू आपोआप उतरेपर्यंत मी संशयी चेहऱ्याने हिंडलो.

मग युनिटवर बिल करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न: मागच्या वेळी किती युनिट दिले होते, आणि कुठे कुठे? मी आधीच्या क्लिनिकात विचारलं होतं, तेव्हा ‘पॅकेज आहे सर, त्यात आकडा नसतो’ असं उत्तर मिळालं होतं. आकडा अर्थातच असतो, कुणीतरी सिरिंजमध्ये भरलेलाच असतो. तो ग्राहकाला द्यायची पद्धत नव्हती इतकंच. नव्या डॉक्टरांना त्यामुळे पाटी कोरी धरून सुरुवात करावी लागली. त्यांनी आधी बेताने दिलं, पंधरा दिवसांनी बोलावलं, डावीकडे थोडी रेष उरली होती तिथे दोन युनिट घातली आणि बिल दोन युनिटांचंच केलं. कार्डावर ब्रँड, एकूण युनिटं आणि कपाळाच्या छोट्या चित्रावर ठिपक्याठिपक्याचा आकडा. ते कार्ड घेऊन मी उद्या दुसऱ्या गावी कुणाकडेही जाऊ शकतो. माझा कल कुठे आहे ते एव्हाना कळलं असेल.

तरी युनिटाची बाजू निर्मळ आहे असं नाही. तिचे आपले खड्डे आहेत.

सगळ्यांत मोठा खड्डा ब्रँडचा. सगळ्या कंपन्यांचं युनिट एक नसतं, आणि एकाचं दुसऱ्यात सरळ रूपांतरही करता येत नाही. भुवयांमधल्या त्याच रेषांसाठी बोटॉक्सची २० युनिटं, झिओमिनची २०, जूव्होची २०. पण डिस्पोर्टची ५० आणि डॅक्सिफायची ४०. त्यामुळे ‘आमच्याकडे युनिट निम्म्या दरात’ अशी जाहिरात दिसली आणि आत डिस्पोर्ट निघालं, तर गुणाकार केल्यावर बचत कुठच्या कुठे गेलेली असते. डिस्पोर्ट वाईट म्हणून नव्हे, ते चांगलंच औषध आहे; फक्त युनिटाचा दर ब्रँडशिवाय ऐकू नका. एकूण बिल भागिले टिकलेले महिने, माझ्या मते तुलना करायची ती याची. डॅक्सिफाय २०२२ साली अमेरिकेत मंजूर झालं ते जवळपास सहा महिने टिकण्याच्या जोरावर, म्हणजे महाग वाटलं तरी भागाकार करून पाहण्यासारखं. मी मात्र धजावलो नाही. भुवई पुन्हा चढली तर ती सहा महिने तशीच राहायची, ही धास्ती.

दुसरा खड्डा, सिरिंजमध्ये खरंच किती आहे हे आपल्याला दिसत नाही. औषध कुपीत कोरडं येतं आणि सलाइनमध्ये मिसळतात. १०० युनिटांच्या बोटॉक्समध्ये अडीच मिली सलाइन घातलं तर ०.१ मिलीमध्ये चार युनिटं येतात. कुणी जास्त सलाइन घालतात, कुणी कमी. पातळ केलं म्हणजे फसवलं, असं लगेच समजू नये: युनिटं नीट मोजली तर ती तेवढीच राहतात, फक्त द्रव वाढतो आणि औषध जरा जास्त पसरतं. पण मोजणारा प्रामाणिक हवा, हे खरंच. कुपी समोर फोडायला सांगता येतं. मी सांगतो, आणि चांगल्या ठिकाणी त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

तिसरा, तो खुर्चीतला प्रश्न, ‘अजून चार घालू का?’ यावर मी काढलेली तोड अशी: कमाल आकडा आधी बोलून घ्यायचा, आणि वरचं जे काही ते पंधरा दिवसांनी पाहून. माहितीपत्रकातले आकडे डोक्यात असले की बोलणी सोपी जातात. भुवयांमध्ये २०, कपाळ २०, दोन्ही डोळ्यांच्या कडा मिळून २४, तिन्ही घेतलं तर ६४. यापासून कुणी फार दूर जात असेल, वर किंवा खाली, तर ‘का’ एवढंच विचारायचं. कारण सहसा असतं.

बाकी ज्या गोष्टींनी बिल वरखाली होतं त्या दोन्ही पद्धतींत सारख्याच, म्हणून त्यात फार शिरत नाही. सुई कुणाच्या हातात आहे, ही सगळ्यांत मोठी, आणि तिथे काटकसर करू नये असं माझं आपलं मत. कुपीचं गणितही असतं: एकदा मिसळल्यावर माहितीपत्रकाप्रमाणे ती फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांत वापरायची असते, त्यामुळे तुमच्यानंतर कुणी येणार नसेल तर उरलेलं वाया जातं आणि ते कुणाच्या तरी बिलात बसतं. ठरावीक वारी सवलत ठेवणारी क्लिनिकं बहुधा हेच वाया जाणं वाचवत असतात, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. मात्र दर सगळ्यांपेक्षा फारच खाली असेल तर माल कुठून येतो ते पाहावं. २०२४ मध्ये अमेरिकेत बनावट बोटॉक्स टोचल्यामुळे लोकांना रुग्णालयात दाखल व्हावं लागलं होतं आणि तिथल्या एफडीएला जाहीर इशारा द्यावा लागला होता.

एरिया मग कुणी घ्यावं? फक्त डोळ्यांच्या कडांसाठी जाणाऱ्यांनी घ्यायला हरकत नाही. ती जागा बरीच सुटी आहे, आकडाही ठरलेला असतो. तीनही जागा एकदम घेणाऱ्यांचीही हद्दीची कटकट मिटते, कारण टच-अप कुठेही पडला तरी तो विकत घेतलेल्या एरियातच पडतो. तिथे पॅकेज कधी कधी युनिटापेक्षा स्वस्तही निघतं. हिशेब नकोच, एकदा पैसे देऊन मोकळं व्हायचं अशा स्वभावाचे लोक असतात, त्यांनाही एरिया मानवेल. फक्त भुवयांमधलं घेणाऱ्याला मात्र मी युनिटच सुचवीन, पुरुष असेल तर बिल थोडं वाढेल हे धरूनही. आणि तरीही एरियावरच जायचं असेल, तर पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा: भुवई चढली तर कपाळावरचा टच-अप याच पैशांत करता का, आणि किती युनिट दिलं ते कार्डावर लिहून देता का. पहिल्याचं उत्तर ‘बघू’ आलं आणि दुसऱ्याचं ‘पॅकेज आहे’ आलं, तर फोन ठेवून युनिटवाल्यांचा नंबर लावा.