दुसरी एसएसडी कोणत्या एम.२ स्लॉटमध्ये लावावी: सीपीयूच्या, ग्राफिक्सच्या वाट्यातल्या की चिपसेटच्या?

मदरबोर्डावर चार एम.२ स्लॉट (पट्टीसारखी पातळ एसएसडी बसवायच्या खाचा) आहेत, म्हणून चारही पूर्ण वेगाने चालतील आणि बाकी काहीच बंद पडणार नाही, असं धरून चालू नका. पीसीआयई लेन, म्हणजे सीपीयू आणि बाकी भागांमधल्या डेटाच्या वाटा, मोजक्या असतात आणि त्यांची वाटणी दोन तऱ्हांनी होते. एका तऱ्हेत रस्ता सामायिक असतो. सगळं चालू राहतं, गर्दी झाली तरच वेग घटतो. दुसरीत लेन एकाकडून काढून दुसऱ्याला दिलेली असते. तिथे एसएसडी नुसती बसवली, वापरली नाही, तरी दुसरीकडचं पोर्ट बंद. ही दुसरी तऱ्हा आपल्या बोर्डावर कुठे आहे ते आधी शोधा, कारण खरा घोळ तिथेच होतो.

थेट सीपीयूचा स्लॉट. ऑपरेटिंग सिस्टिमची एसएसडी इथेच हवी. पण सीपीयू पाहून घ्या. इंटेलच्या ५०० मालिकेच्या बोर्डावर दहाव्या पिढीचा सीपीयू असेल तर हा स्लॉट मेलेला असतो, कारण त्या चार लेन अकराव्या पिढीपासून आल्या. एएमडीच्या एएम५ सॉकेटवरच्या रायझन ७००० आणि ९००० मध्ये ग्राफिक्सला १६, पहिल्या एम.२ ला ४ आणि आणखी ४ मोकळ्या लेन मिळतात. एक्स८७० च्या काही बोर्डांवर या मोकळ्या चार लेन यूएसबी४ आणि दुसरा एम.२ यांच्यात वाटलेल्या असतात.

ग्राफिक्सच्या वाट्यातला स्लॉट. इंटेलच्या झेड७९० बोर्डावर पीसीआयईच्या पाचव्या पिढीचा एम.२ दिला असेल तर तो इथून घेतलेला असतो. त्यात एसएसडी बसली की ग्राफिक्स कार्ड १६ वरून ८ लेनवर येतं. उरलेल्या ८ पैकी एसएसडीला ४ मिळतात, बाकीच्या ४ वाया जातात. चौथ्या पिढीच्या ८ लेन म्हणजे तिसऱ्या पिढीच्या १६ लेनइतकाच वेग, त्यामुळे गेममध्ये फरक सहसा थोडाच पडतो. आरटीएक्स ४०६० सारखं कार्ड मुळातच ८ लेनचं असल्याने त्याचं काहीच जात नाही. तरीही केवळ पाचव्या पिढीचा शिक्का हवा म्हणून हा सौदा करू नये. मोठ्या फायली सलग वाचण्याचं काम रोजचं असेल तरच.

चिपसेटचा (बोर्डावरच्या, सीपीयूला जोडलेल्या मदतनीस चिपचा) स्लॉट. याची भीती गरजेपेक्षा जास्त आहे. इथल्या एसएसडी, साटा (जुन्या डिस्कची केबलची जोडणी), यूएसबी आणि नेटवर्क हे सगळे सीपीयूकडे एकाच दुव्याने जातात. एका दिशेने तो दुवा बी५५० चिपसेटवर सेकंदाला सुमारे ३.९ जीबी, एएम५ आणि बी७६० वर ७.९, तर झेड७९० वर १५.७ जीबी नेतो. 'एका दिशेने' हे महत्त्वाचं. चिपसेटवरच्या एका एसएसडीतून दुसरीत कॉपी करताना वाचन वर जातं आणि लेखन खाली येतं, त्यामुळे दोन्ही एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. कोंडी होते ती दोन्हींतून एकाच वेळी वाचताना, म्हणून रेड ० (दोन डिस्क जोडून एकत्र चालवणं) इथे करून फारसं हाती लागत नाही. गेम, फोटो, बॅकअप यांच्यासाठी मात्र हा स्लॉट पुरेसा आहे.

मात्र पोर्ट बंद पडण्याचा प्रकार सर्वाधिक याच स्लॉटांवर दिसतो. नवी एनव्हीएमई (पीसीआयई लेनवर चालणारी) एसएसडी बसवली आणि साटा ५ वरची जुनी हार्ड डिस्क बायोसमधूनच गायब झाली, की लोक आधी केबल बदलतात, मग डिस्क मेली असं समजतात. डिस्क ठणठणीत असते. पीसी बंद करून केबल साटा १ किंवा २ वर लावा, ती परत दिसेल. काही बोर्डांवर साटाऐवजी खालचा लांब पीसीआयई स्लॉट बंद होतो, आणि त्यात कॅप्चर कार्ड असेल तर हाच एम.२ टाळावा.

खरेदीआधी मॅन्युअलमधल्या स्टोरेजच्या तक्त्याखालच्या बारीक टिपा वाचा. कोणता स्लॉट भरला की काय बंद होतं हे तिथेच लिहिलेलं असतं, खोक्यावर नाही. बसवल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सफर मोड बघा: आधी चालू वेग, मग एसएसडीची क्षमता. ग्राफिक्सच्या लेन जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये दिसतात, पण कार्डावर भार टाकूनच वाचा. रिकामं बसलेलं कार्ड वीज वाचवायला दुव्याचा वेग स्वतःच खाली आणतं.