सर्टिफिकेट आधी की व्यवस्था आधी? खान्देशातल्या छोट्या कारखानदारासाठी आयएसओ १४००१चा लेखाजोखा

गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये एकच ओळ असते, "आपल्याकडे आयएसओ १४००१ आहे का?" जळगावचा चटईवाला असो, डाळमिलवाला असो की शहाद्याकडचा जिनिंगवाला, ती ओळ वाचली की धावपळ सुरू होते. कोणीतरी सल्लागाराचा नंबर देतो, तो पॅकेज सांगतो आणि महिना-दोन महिन्यांत ऑफिसात फ्रेम लागते. मी जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात चौदा वर्षं मेंटेनन्स बघितला. त्यातली शेवटची सहा वर्षं पर्यावरणाची व्यवस्थाही माझ्याकडेच होती. विकत आणलेली फाइल आणि हळूहळू उभी केलेली व्यवस्था, दोन्ही मी जवळून पाहिल्या. ज्यांना आता निर्णय घ्यायचाय त्यांच्यासाठी लिहितोय, आणि माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक छोट्या कारखान्यांनी वर्षभर व्यवस्था स्वतः चालवावी, सर्टिफिकेटाचं नंतर बघावं. याला दोन अपवाद आहेत, ते पुढे येतील.

मानक मागतं काय?

आयएसओ १४००१ म्हणजे कारखान्याने पर्यावरणाची व्यवस्था कशी ठेवावी याचं आंतरराष्ट्रीय मानक. ते १९९६ साली आलं, २००४ आणि २०१५ मध्ये सुधारलं गेलं. किती धूर चालेल, किती सांडपाणी चालेल, याचा एकही आकडा त्यात नाही. आकडे असतात कायद्यात आणि तुमच्या कन्सेंटमध्ये, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीत. मानक एवढंच विचारतं: तुमच्या कामातून हवेत, पाण्यात, जमिनीत काय काय जातं ते तुम्ही शोधलंय का? त्यातलं गंभीर कोणतं ते ठरवलंय का? लागू असलेल्या कायद्याच्या अटी पाळल्या जातात की नाही हे स्वतः तपासता का? चुकलं तर कारण शोधून दुरुस्त करता का? आणि मालक यात लक्ष घालतो, की सगळं सुपरवायझरवर ढकलून मोकळा होतो?

आयएसओ ही संस्था मानक लिहिते, सर्टिफिकेट देत नाही. ते प्रमाणन संस्था देतात, आणि भारतात अशा संस्थांना मान्यता देतं एनएबीसीबी हे मंडळ. हे लक्षात ठेवा, दर ठरवताना उपयोगी पडतं.

विकत आणलेली फाइल

आमच्याकडे पहिल्यांदा फाइलच आली होती. चार जाड बाइंडर, सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव. त्यात बॉयलरच्या धुरावर दोन पानं होती. आमच्याकडे बॉयलरच नव्हता. चटईच्या कारखान्यात असतात प्लास्टिक वितळवून नळ्या काढणारे एक्स्ट्रूडर, त्या नळ्या गार करायची पाण्याची टाकी, लूम, शिलाई, चुरा करणारा ग्राइंडर आणि लाइट गेल्यावर चालणारा जनरेटर. त्याच फाइलमध्ये एक वाक्य होतं, "वापरलेलं तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे दिलं जातं."

त्या एप्रिलात मी शेडच्या मागे गेलो. बॅरलचं झाकण गायब. भोवतीची माती काळी, चपलेला चिकटणारी. भिंतीच्या कडेने तेलाचा ओघळ थेट पावसाळी नालीपर्यंत गेलेला. आमच्या जुन्या फिटरला सगळे आबा म्हणायचे. त्यांना विचारलं, "आबा, हे तेल जातं कुठे?"

"कुठे जाईल भाऊ? सेंट्रिंगवाले येतात, पाट्यांना लावायला घेऊन जातात. चहापाण्याला काही देऊन जातात."

आबांना मी दोष देत नाही, त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. वापरलेलं तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं. ९० दिवसांहून जास्त साठवता येत नाही, अधिकृत माणसाकडेच द्यावं लागतं, सोबत मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला याचा कागद लागतो आणि दरवर्षी ३० जूनपर्यंत मंडळाला फॉर्म ४ मध्ये हिशेब द्यावा लागतो. फाइल लिहिणाऱ्याने शेडच्या मागे पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं, आणि नालीतून पुढे जाणारं पाणी आमच्याच गावच्या शेताकडे जात होतं. ते आठवलं की अजूनही वाईट वाटतं.

सल्लागार नकोच असं मी म्हणत नाही. चांगला सल्लागार कायद्याची यादी चार दिवसांत काढून देतो, आपल्याला त्याला दोन महिने लागतात. पण त्याचा पहिला दिवस ऑफिसात गेला की मशीनवर, ते बघा. पहिल्याच भेटीत नमुन्याची फाइल टेबलावर ठेवणाऱ्याला हात जोडावेत.

स्वतः उभी केलेली व्यवस्था

वेळेच्या बाबतीत हा रस्ता लांबचा आहे. फाइल दोन महिन्यांत होते, हे नीट बसायला आम्हाला वर्ष लागलं. माणूसही लागतो, आठवड्याचा एक पूर्ण दिवस देऊ शकेल असा, आणि त्याला मशीन कळत असावं.

आम्ही प्रत्येक मशीनला एक कागद लावला आणि तीन वेळांचं लिहिलं: रोज काय होतं, मशीन चालू-बंद करताना काय होतं, आणि आग लागली किंवा टाकी फुटली तर काय होईल. मधल्या वेळेने आमचे डोळे उघडले. लाइट गेली की एक्स्ट्रूडरमधलं प्लास्टिक थिजतं, पुन्हा सुरू करताना लोंदा काढून फेकावा लागतो. ऑपरेटर मंडळी तो वजन करून वहीत लिहायला लागली, तेव्हा दिसलं की सगळ्यात जास्त लोंदे सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत निघतात. हीटर किती वाजता लावायचा आणि प्लास्टिकचा दाणा कधी घालायचा, हे मराठीत लिहून मशीनवर चिकटवलं. लोंद्यांचा ढीग डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला. दाणा वाचला, वीज वाचली. बाइंडरमध्ये ही गोष्ट कुठेच नव्हती, कारण ती पहिल्या पाळीच्या माणसांनाच ठाऊक होती.

छोट्यांनी एकदम सगळं करू नये. आयएसओ १४००५ नावाचं मार्गदर्शन आहे, २०१९ च्या आवृत्तीचं. एकेक विषय हातात घेऊन टप्प्याटप्प्याने पुढे कसं जावं ते त्यात सांगितलंय. आमचा पहिला विषय तेल होता, दुसरा लोंदा, तिसरा पाणी.

आणि एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. बाहेरचं सर्टिफिकेट हा एकच मार्ग मानकाने ठेवलेला नाही. मानकाच्या सगळ्या अटी पूर्ण करून आपणच तसं जाहीर करणं, किंवा गिऱ्हाइकाला बोलावून तपासून घेणं, हेही त्याला मान्य आहे. म्हणून मेल आला की आधी उलट विचारा: सर्टिफिकेटच हवंय, की आमचं लेखी निवेदन आणि तुमची एक भेट चालेल? काही गिऱ्हाइकं दुसऱ्याला तयार होतात.

सर्टिफिकेट कधी घ्यावं आणि कसं

पहिला अपवाद म्हणजे करारात किंवा टेंडरमध्ये अटच लिहिलेली असणं. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरा अपवाद माझ्या अनुभवातला: मालक सुरतेला किंवा मुंबईला राहतो आणि कारखाना मॅनेजरवर चालतो. अशा ठिकाणी बाहेरचा ऑडिटर ठरल्या तारखेला येणार म्हटल्यावर राहिलेली कामं मार्गी लागतात. आतून तसा रेटा नसेल तर बाहेरचा कामी येतो.

खर्चाचा हिशेब तीन वर्षांचा धरा, कारण सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं. पहिलं ऑडिट दोन टप्प्यांत होतं: आधी तयारीची तपासणी, मग प्रत्यक्ष अंमलाची. त्यानंतर दरवर्षी सर्व्हेलन्स, म्हणजे देखरेखीचं छोटं ऑडिट. ऑडिटर नाशिक-पुण्याहून येतात, त्यांचा येण्या-राहण्याचा खर्चही कोटेशनमध्ये लिहून घ्या. ऑडिटला किती मनुष्यदिवस लागतील हे कामगारांची संख्या आणि प्रदूषणाची गुंतागुंत बघून ठरतं, त्यासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत. तेव्हा कोटेशनमध्ये दिवस लिहिलेले नसतील तर दर कितीही कमी असला तरी भुलू नका. 'सल्लाही आमचा, सर्टिफिकेटही आमचंच' असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. प्रमाणन संस्थेला व्यवस्थेचा सल्ला विकायला मनाई आहे. संस्थेची मान्यता एनएबीसीबीच्या यादीत बघा. मान्यताप्राप्त सर्टिफिकेटं पडताळायला आयएएफ सर्टसर्च ही वेबसाइटही आहे.

आणखी एक गैरसमज. सर्टिफिकेट म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळापासून संरक्षण नव्हे. पाणी कायदा १९७४ चा, हवा कायदा १९८१ चा. त्यांखालचं कन्सेंट, त्यातल्या अटी आणि दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत भरायचा फॉर्म ५, म्हणजे पर्यावरणाचं वार्षिक विवरण, हे सगळं फ्रेम असो वा नसो, करावंच लागतं.

झेडचं (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) नावही विचारलं जातं. ती केंद्राच्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग मंत्रालयाची योजना आहे, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्यांची. २०२२ मध्ये नव्याने आणताना सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के अनुदान ठेवलं होतं. तिथे गुणवत्तेला जास्त वजन आहे, पर्यावरण हा त्यातला एक भाग. सुरुवात म्हणून चांगली, पण परदेशी गिऱ्हाइकाने १४००१ मागितलं तर ती चालणार नाही.

कोणी काय करावं

बारा माणसांची डाळमिल, माल नागपूर-इंदूरच्या व्यापाऱ्याला जातो, सर्टिफिकेट कोणी मागत नाही: स्वतः चालवा. तुमचे विषय तीनच, धूळ, आवाज आणि वीज. औद्योगिक भागात आवाजाची मर्यादा दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल आहे, ती एकदा मोजून घ्या.

जिनिंगवाल्याचं काम वर्षातून काही महिनेच असतं, म्हणून ऑडिट हंगामातच व्हायला हवं. बंद गाळ्यात फिरून ऑडिटरला काय दिसणार? आणि तुमचा सगळ्यात मोठा विषय आग हा आहे. आग विझवायच्या नळकांड्यांची नुसती मोजदाद पुरत नाही. विझवताना वाहिलेलं काळं पाणी कुठे जाईल तेही लिहून ठेवा.

चटई परदेशी पाठवत असाल तर सर्टिफिकेट आज ना उद्या लागेल. तरी आधी वर्षभर स्वतः चालवा, मग प्रमाणन संस्थेला बोलवा. ऑडिटर आला की दाखवायला तुमच्याकडे बारा महिन्यांच्या वह्या असतील, आणि आबांसारखा माणूस त्याला मशीनपाशी उभं राहून उत्तर देईल.

उन्हाचाही विचार करा. मानकाच्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार हवामानबदल आपल्याला लागू होतो का, हे आता प्रत्येकाला ठरवावं लागतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. टाकीतलं पाणी गार होत नाही, नळी वाकडी येते, पाणी जास्त ओतावं लागतं आणि नेमकं तेव्हाच टँकर महाग असतो. खान्देशात या प्रश्नाला 'लागू नाही' असं उत्तर लिहिणाऱ्याने मे महिन्यातली दुपारची पाळी पाहिलेली नसते.

सुरुवात १ एप्रिलला करा. फॉर्म ५ चं वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे त्याच वह्या पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात कामाला येतात, आणि पाण्याची सगळ्यात कठीण नोंद पहिल्या दोन महिन्यांतच हाती लागते. पहिली फेरी शेडच्या मागून काढा, जुन्या फिटरला सोबत घेऊन.