मॅकबुक एअर एम१ : महाग आहे, पण उगाच नाही

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलचा हा लॅपटॉप त्यांच्या स्वतःच्या एम१ चिपसह आला तेव्हा भारतात बेस मॉडेल ९२,९०० ला होतं. मी नंतर सेलमध्ये घेतला, बराच स्वस्त पडला. अजूनही मस्त चालतोय, फॅनच नाही त्यामुळे आवाज शून्य, आणि बॅटरी म्हणजे चार्जर घरी राहिला तरी टेन्शन नाही.

लोक म्हणतात की ॲपलचा जगातला पीसी मार्केट शेअर दहा टक्क्यांच्या आतबाहेरच, लेनोवो एचपी डेल पुढे, मग काय उपयोग? अरे पण ३०-३५ हजारांच्या लॅपटॉपमध्ये कंपनीला उरतं किती, विंडोज सगळ्यांकडे तेच, चिप इंटेल नाहीतर एएमडीची, मग भांडायचं कशावर तर किमतीवरच ना. आयबीएमने १९८१ मध्ये पीसी आणला, त्याची नक्कल करणाऱ्या क्लोनवाल्यांनी मार्केट खाल्लं आणि २००५ मध्ये तो धंदाच लेनोवोला गेला. ॲपलनेही नव्वदीत दुसऱ्या कंपन्यांना मॅक बनवू दिले होते, सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स परत आला आणि १९९७ मध्ये ते बंद केलं. म्हणजे सिस्टिम आणि मशीन दोन्ही स्वतःकडेच, मग किमतीवर भांडायची गरजच नाही.

पण रॅमचे पैसे ही सरळ लूट आहे. एम१ एअर घेताना ८ चे १६ जीबी करायला २० हजार लागायचे, आणि नंतर वाढवता येत नाही, सोल्डर केलेली असते. एअरमध्ये १६ बेस व्हायला २०२४ उजाडलं!

टॅलीवर काम असेल तर विंडोजच घ्या, बाकीच्यांनी जुना मिळाला तरी बघा, रिसेलही चांगली आहे.