बीन-टू-कप की साधं मशीन + वेगळा ग्राइंडर?

सकाळी डोळे अर्धे मिटलेले असताना बटण दाबलं की कॉफी हातात, हे बीन-टू-कप मशीनचं सुख मान्यच. दळणं, दाबणं, पाणी सोडणं, चोथा टाकणं सगळं तीच करते. पण एस्प्रेसो (छोट्या कपातली दाट, कडक कॉफी) म्हणून चाखाल तर बऱ्याचदा जरा पातळ लागते, कारण आतल्या ब्रू युनिटमध्ये (जिथे कॉफी दाबून त्यातून पाणी सोडलं जातं तो भाग) कॉफी कमी मावते, आणि फॅक्टरी सेटिंगला दळण जाडसर अन् पाणी जास्त असतं. म्हणून आधी दळण बारीक करा (ग्राइंडर चालू असतानाच, एकेक पायरी, आणि फरक दोन-तीन कपांनंतर कळतो), स्ट्रेंथ (एका कपाला किती कॉफी घ्यायची ते सेटिंग) वाढवा, पाणी ३५-४० मिलीवर आणा. एवढ्यानेच चव खूप सुधारते. तेलकट काळ्याकुट्ट बिया मात्र नको, ग्राइंडर चिकटून बसतो.

दुसरीकडे ती साधी, हाताने कॉफी काढायची मशीन आणि सोबत वेगळा ग्राइंडर. १८ ग्रॅम कॉफी, ३६ ग्रॅम एस्प्रेसो, २५-३० सेकंद, इथून सुरुवात करायची. आंबट लागली तर दळण बारीक, कडू लागली तर जाड. जमलं की जी दाट चव येते ती बीन-टू-कपला नाही जमत, खरं सांगतो. पण नवीन बिया आणल्या की पहिले दोन-तीन शॉट (एस्प्रेसोचे कप) सिंकमध्येच, आणि ओटाभर कॉफीची भुकटी.

साफसफाई दोन्हीकडे आहेच, फक्त बीन-टू-कपची घाण दिसत नाही म्हणून लोक विसरतात. ब्रू युनिट बाहेर निघत असेल तर आठवड्याला नळाखाली धुवा. घरात चार जण वेगवेगळ्या वेळी पिणारे असतील तर मी बीन-टू-कपच घेईन, एकटाच असेन तर दुसरी.